दुसऱ्यांदा पास

इम्तियाज २००१ साली नेटवर्किंगची परीक्षा पास झाला, तेव्हा आईनं कारेगावात गल्लीभर पेढे वाटले होते. ते सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं. कंपनीतली जागा टिकवायची तर पुन्हा परीक्षा देणं आलं. म्हणून तो परत तेच जाडजूड पुस्तक घेऊन ओट्यावर बसला, आणि शेजारच्या दगडाबाईंनी पुस्तक ओळखलं.

“आरं, मंग तवाचे पेढे कशाचे व्हते?”

“मावशी, ही परीक्षा दर तीन वर्षांनी द्यावी लागते.”

“आमचा विक्रम कवाच धावी पास झाला. त्यो अजून पासच हाय.”

इम्तियाजनं पुस्तकाचं पुढचं पान उलटलं.

इम्तियाज पुन्हा पास झाला. पेढे घेऊन घरी आला, तर आईनं आधी दाराला कडी लावली. “घरातच खा. दौंडचं स्थळ यायचंय. आता वाटले, तर मागचे खोटे ठरत्याल.”

भरदुपारी बंद दार पाहून दगडाबाई काय ते समजल्या. बाहेरूनच मायेनं म्हणाल्या, “मनाला लावून घिऊ नगं, लेकरा. पुढच्या बारीला व्हशील पास.”

इम्तियाजच्या तोंडात पेढा होता. त्यानं आतून नुसताच हुंकार भरला.