विस्कॉन्सिन सोडून

चंद्रशेखररावांनी नकार मिरजेहूनच बांधून आणला होता, चकल्यांच्या डब्यासोबत. चकल्या जर्मनीत येनाला पोचल्या त्याच दिवशी फुटल्या. नकार मात्र अजून तसाच होता. आज तो काढायचा, असं ठरवूनच ते लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताठ बसले होते.

समोर एरिक. अश्लेषाच्या शेजारच्या लॅबमध्ये भिंगांवर संशोधन करणारा, दारातून वाकून आत येणारा, मिनेसोटाचा उंचनिंच अमेरिकन. अश्लेषाला त्याच्याशी लग्न करायचं होतं, आणि बाबांनी हो म्हटल्याशिवाय करायचं नव्हतं. म्हणून तिने त्याला जिन्यातच पढवलं होतं, "बाबा जे म्हणतील त्याला फक्त येस सर म्हण. वाद नको." आता हे चंद्रशेखररावांना कुठून ठाऊक असणार!

जर्मन ब्रेड म्हणजे नुसतं लाकूड, असं ते म्हणाले. एरिक म्हणाला, येस सर. तबल्यापेक्षा सतार अवघड. येस सर. चंद्रशेखररावांना शंका आली. पोह्यांचे दोन घास खाऊन त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "पण खरं सांगायचं तर सतारीपेक्षा तबलाच अवघड."

"येस, सर."

"अगं, हा मुलगा आहे की नंदीबैल?" त्यांनी बायकोला मराठीतून विचारलं. "आणि चकली पुढे केली तर दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा कशी घेतली? नुसते नखरे."

"तुम्ही आधी त्याला सुखाने खाऊ द्या," संध्याबाई म्हणाल्या.

पण चंद्रशेखरराव आता थांबणार नव्हते. कणा नसलेल्या माणसाला पोरगी द्यायची नाही, संपला विषय. थेट नकाराला हात घालणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी आधी चार गोड शब्द बोलायला घेतले. "आमच्या सुधीरचा मुलगा तिकडेच असतो, विस्कॉन्सिनला. म्हणजे तुमच्या गावचाच म्हणायचा. मिनेसोटा काय आणि विस्कॉन्सिन काय, सगळं एकच, नाही का?"

एरिकच्या तोंडून "ये" एवढंच आलं. पुढचं अडकलं. टेबलाखाली अश्लेषाने त्याच्या पायावर पाय दिला. त्याचे कान लाल झाले.

"नो, सर."

"नो?"

"आल्झो... म्हणजे, बाबा, त्याला म्हणायचंय की..."

"तू थांब गं. बोलू दे त्याला."

एरिकने चमचा खाली ठेवला. "मध्ये नदी आहे, सर. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. आमची तळी दहा हजार, हे सगळ्या अमेरिकेला माहीत आहे. तर यांनी आपली पंधरा हजार मोजली! सर, ते डबकीसुद्धा मोजतात." त्याचा आवाज चढला. "आम्हाला कुणी खायला दिलं तर आम्ही दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. रीत आहे आमची. ते लोक पहिल्यांदाच हात पुढे करतात! आणि जगात कुठेही जा, लोक विचारतात, मिनेसोटा म्हणजे विस्कॉन्सिनच्या जवळ का? सर, आम्ही त्यांच्या जवळ नाही. ते आमच्या जवळ आहेत!"

अश्लेषाने डोळे मिटून घेतले. झालं, आटोपलं सगळं.

चंद्रशेखरराव खुर्ची पुढे ओढून बसले. पुण्यात नोकरी केली तेव्हापासून त्यांना एकच ऐकावं लागलं होतं, मिरज ना, म्हणजे सांगलीच की! "आमचंही तेच रे," ते म्हणाले. "दोन्ही गावांची महापालिका एक केली, तर नावात आधी कोण? सांगली! आणि लांबची गाडी पकडायची झाली की हेच सांगलीकर पिशव्या घेऊन मिरज जंक्शनला हजर."

"त्यांना स्टेशन नाही, सर?" एरिकने कळवळून विचारलं.

"आहे की. आपलं नावापुरतं."

एरिकने अशी काही मान हलवली, की जणू अख्ख्या मिरजेचं दुःख त्याला कळलं असावं.

संध्याबाईंचं माहेर सांगलीचं. त्यांनी चकल्यांचा डबा नवऱ्याच्या पुढ्यातून उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. कुणाचं लक्ष नव्हतं. नदी, डबकी, जंक्शन, सगळं अगदी रंगात आलं होतं.

एरिक जायला निघाला तेव्हा चंद्रशेखरराव त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले आणि तिथेही उभ्याउभ्या बराच वेळ बोलत राहिले. परत आले ते थेट लेकीला म्हणाले, "दिवाळीनंतरचा मुहूर्त बघू. पण पत्रिकेत फक्त मिरज छापायचं, सांगली-मिरज चालणार नाही."

अश्लेषा आधी बघतच राहिली. मग तिने बाबांना मिठी मारली, आईला मारली, आणि एरिकला गाठायला चपला न घालताच जिना उतरत सुटली.

चंद्रशेखरराव खिडकीशी गेले. समोरच्या बाल्कनीतून वर्ल्डकपचा झेंडा अजून लोंबत होता. खाली ती दोघं ट्रामच्या थांब्यापाशी उभी होती. चंद्रशेखररावांना मनापासून बरं वाटत होतं.

"मुलगा बाणेदार आहे हं," ते म्हणाले. "पण मी म्हणतो, समज, विस्कॉन्सिनचा निघाला असता तर? कशी नांदली असती गं पोरगी तिथे?"

संध्याबाई कप पुसत होत्या.

"नांदली असती," त्या म्हणाल्या. "मी नाही नांदले मिरजेत?"