पंपावरचा आकडा

सरकारने मोफत उपचारांच्या योजनेतून मोठी माणसं वगळली. घरात अठराच्या आतलं मूल असलेल्यांचीच तेवढी कार्डं चालू राहिली. थोरल्या जावेचा मुलगा नुकताच अठराचा झाला, तिचं कार्ड गेलं. धाकटीचं राहिलं. दोघी एकाच लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. वाफेने धाप लागायची थोरलीला आणि दम्याचा पंप मिळाला धाकटीला, तोही साध्या खोकल्यासाठी! थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. पंप धाकटीच्या पिशवीत असायचा. जेवणाच्या सुट्टीत थोरली त्यातले दोन फवारे गुपचूप ओढायची आणि वर तिलाच मनात शिव्या घालायची. आज तिचं लक्ष पंपावरच्या आकड्याकडे गेलं. दोनशेपैकी एकशेऐंशी शिल्लक होते. दहा दिवस, रोज दोन. गेलेले सगळे तिचेच. धाकटीने पंप तोंडाला लावलाच नव्हता. मागून धाकटी म्हणाली, “ताई, संपायच्या आधी सांगा हं. मला दवाखान्यात पुन्हा खोकून दाखवावं लागेल.”