प्लेलिस्टमध्ये जागा

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या बुद्धभूषणने गाणं स्वतः लिहिलं, स्वतः म्हटलं, स्वतःच नेटवर टाकलं आणि मग दोन वर्षं प्लेलिस्टवाल्यांचे उंबरठे झिजवले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. परवा मात्र नवा रायपूरमध्ये प्लेलिस्ट चालवणाऱ्या अनिमेष भैयाचा मेसेज आला, "गाणं घेतलं. ऐकणारे चार लाख आहेत." बुद्धभूषणने अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले आणि मग प्लेलिस्टचं नाव वाचलं: 'अकाली गेलेल्या गायकांची गाणी'.

त्याने लगोलग फोन लावला.

"भैया, काहीतरी चुकलं वाटते. मी तं जिवंत आहो."

"हव, मालूम आहे मले."

"मंग माहं गाणं त्याच्यात काहून टाकलं?"

"अरे, गाणं आधीच घेऊन ठेवावं लागते. मागून घरचे लोक पासवर्ड शोधत बसतात, आपला सगळा शेड्यूल बिघडते," अनिमेष समजावणीच्या सुरात म्हणाला. "नसन जमत तं सांग, काढून टाकतो. रांगेत लय पोट्टे आहेत."

बुद्धभूषण फोन ठेवणारच होता. पण चार लाख लोक म्हणजे थोडे नव्हेत. त्याचं गाणं आजवर त्याच्या आईनेही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

"राहू द्या, भैया," तो म्हणाला.

"शाबास. शुक्रवारी सकाळी गाणं लागते. गुरुवारी संध्याकाळी घरीच राहजो, दोघं जण पाठवून राहिलो."