मधल्या भिंतीतली वायर

“ही वायर कुठं जाते, सर?”

मीटरच्या बोर्डाची फळी काढून नवनाथ वायरमन आत डोकावत होता. गोरक्ष सरांनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

“जुनी आहे. मेलेली.”

नवनाथने टेस्टर लावला. आतला लाल दिवा पेटला.

“मेलेली कुठली? चांगली जिवंत हाय. अन् मधल्या भिंतीत घुसलीय.”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तीस वर्षं पोरांच्या सबबी पकडण्यात गेली, पण स्वतःला एक धड खोटं बोलता येईल तर शपथ.

हा सगळा घाट सरांच्या बायकोच्या, कुसाबाईंच्या, गुडघ्यांसाठी घातला होता. थंडी पडली की त्यांचे सांधे धरायचे. गीझर दोन बादल्यांत दमायचा, आणि गच्चीवर सोलर लावावं तर शेजारच्या पाच मजली इमारतीने ऊनच अडवलेलं. मग पुण्याच्या लेकीने, निकिताने, हीट पंप ठरवला. हवेतली ऊब ओढून टाकीभर पाणी तापवणारं यंत्र. ते यायच्या आधी मीटरचा लोड वाढवायचा, जाड वायर ओढायची, अर्थिंगचा खड्डा करायचा. लोड मंजूर झाला होता. खड्ड्यात काल कोळसा आणि मीठ पडलं, तेव्हा मिठाची गोणी पाहून कुसाबाईंनी, “लोणचं घालताय का?” असं विचारून घेतलं होतं. आज त्या जेवून आतल्या खोलीत पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या. ऑक्टोबरचा उकाडा काही कमी नव्हता.

आता ही वायर. सर तिला नऊ वर्षं ओळखत होते.

भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ कारभारी राहायचा. घराची वाटणी झाली तेव्हा दोघे भांडले ते आईवरून. लोक आई नको म्हणून भांडतात, या दोघांना ती आपल्याकडेच हवी होती. आई थोरल्याकडे राहिली, मधल्या भिंतीलगतच्या खोलीत. कारभारीने बोलणं टाकलं. चार वर्षांपूर्वी आई गेली, तिच्या खोलीत कुसाबाई झोपू लागल्या, तरी ते बोलणं काही सुरू झालं नाही.

वाटणीनंतर सरांनी नवं मीटर घेतलं, आणि त्याच सुमारास त्यांना ती वायर दिसली. धाकटा आपल्या मीटरवरून गुपचूप वीज नेतोय, हे त्यांनी ओळखलं आणि कुणालाच सांगितलं नाही. कुसाबाईंनासुद्धा. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं होतं. भाऊ बोलत नाही तर न बोलो, आपला दिवा तर त्याच्या घरात जळतो. रुसलेल्या पोराने चोरून खाल्लेली पोळी कुणी मोजत नसतं.

कारभारीवर ते चिडायचे, पण दुसऱ्याच कारणांनी. मागच्या वैशाखात तो घरच्यांना घेऊन आठ दिवस मालेगावला लग्नाला गेला. दाराला कुलूप, आणि याच्या मीटरचा दिवा लुकलुकतोय.

“नाव कारभारी, आणि कारभार बघा,” सर तेव्हा कुसाबाईंना म्हणाले होते. “मेन बंद करून जावं, एवढं कळत नाही.”

नवनाथने पक्कड काढली. “ही तोडावी लागंल, सर. नवा ब्रेकर असल्या वायरीवर टिकत नाय. सारखा पडंल.”

“तोडायची नाही.”

“पण दुसऱ्याचं लोड आपल्यावर—”

“दुसऱ्याचं नाही ते,” सर म्हणाले. “तिला नवी जाड वायर दे, वेगळा ब्रेकर दे. काय वाटेल ते कर. तोडायची मात्र नाही.”

नवनाथने मान हलवली. पण जोडणीसाठी अर्धा तास मेन बंद ठेवावा लागेल, असं त्याने सांगितलं. त्या मेन स्विचला नऊ वर्षांत कुणी हात लावला नव्हता. वीज जायची ती अख्ख्या गल्लीची. आज मात्र इकडे खटका ओढला की तिकडे अंधार होणार, कारभारी बघायला बाहेर येणार आणि परक्या माणसासमोर उघडा पडणार. धाकट्याची खाली गेलेली मान सरांना बघवली नसती.

ते चप्पल न घालताच कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले. कारभारी कुंड्यांना पाणी घालत होता. सरांनी भिंतीवरून हाक मारली.

“कारभारी, मेन बंद करतोय. अर्धा तास. तुझं काही चालू असेल तर... आधी सांगितलेलं बरं.”

कारभारीने हातातला पाइप खाली ठेवला.

“करा की, दादा. वहिनी पडल्यात का आईच्या खोलीत?”

“हो.”

“मग झोपू द्या. उठवू नका त्यांना.”

विचारलं काय, हा बोलतोय काय. पण तो दादा म्हणाला होता. तेवढ्यावर सरांनी आणखी नऊ वर्षं सुखाने काढली असती. डोळे पुसत ते घरात आले.

“कर बंद.”

नवनाथने खटका ओढला. फ्रिज घरघरून थांबला, हॉलमधली ट्यूब विझली. सरांनी काळजीने भिंतीला कान लावला. पलीकडे टीव्हीवर बातम्या चालूच होत्या.

नवनाथने पुन्हा त्या वायरीला टेस्टर लावला. लाल दिवा पेटला. त्याने सरांकडे पाहिलं.

तेवढ्यात आईच्या खोलीतून कुसाबाईंचा झोपाळलेला आवाज आला.

“अहो, मेन कधी बंद करताय? माझा पंखा तर अजून फिरतोय.”