कव्हरखालची गाडी

“बाबा, आपल्या गाडीत भूत आहे का?”

श्रियाने विचारून टाकलं. गेटपाशी प्राप्ती आणि हेमाली स्कार्फमध्ये नाकं खुपसून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. विचारलंस तर पाणीपुरी, नाही विचारलंस तर तू फट्टू. आता तिने खरंच विचारल्यावर मात्र दोघी भिंतीवरचे विजेचे मीटर वाचायला लागल्या.

बाबा नुकताच रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून आला होता. सायकल रोजच्यासारखी कव्हर घातलेल्या गाडीला टेकवून तो कुलूप लावत होता. किल्ली काही भोकात जात नव्हती. डोंबिवलीत थंडी पडते तीच मुळी चार दिवस, आणि लोक मोबाइलवरचं तापमान एकमेकांना पाठवत बसतात. हे ते चार दिवस होते. बाबाची बोटं आखडून गेली होती.

“कोण म्हणतं?”

“सगळी बिल्डिंग. मागच्या सीटवर एक म्हातारा बसलेला असतो म्हणे. दुसऱ्या मजल्यावरच्या चिरागने बघितलाय.”

“कव्हरमधून दिसला त्याला?”

“मी पण तेच म्हटलं.”

बाबाने गाडीकडे बघितलं नाही. “नाहीये भूत,” तो म्हणाला. “असतं तर काहीतरी बोललं असतं.”

गॅस संपलाय, असं सांगावं तसं सांगितलं त्याने. त्याचे वडील, आबा, गेल्यापासून वर्षभर तो सगळंच या आवाजात सांगायचा.

श्रियाने त्याच्या हातातली किल्ली घेतली. त्याची बोटं तिच्या हाताला लागली. फ्रिजमधून काढलेल्या गवारीसारखी. तिने कुलूप लावलं.

“आईने हातमोजे आणलेत ना?”

“कॅरिअरला आहेत.”

“कॅरिअरला थंडी वाजते का?”

“राहू दे गं. बोटांना काही कळत नाही. बरं असतं.”

तेवढ्यात आई दुधाच्या पिशव्या घेऊन गेटमधून आत आली. “तू अजून इथेच? शाळा नाहीये का?” मग तिने बाबाकडे बघितलं. “काय झालं?”

“गाडीत भूत आहे का, विचारतेय.”

आईने पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. “तिसऱ्या मजल्यावरचे काल परत आले होते,” ती म्हणाली. “गाडी काढतच नाही तर पार्किंगची जागा तरी आम्हाला द्या, म्हणत होते. मी म्हटलं, विचारून सांगते.”

“देऊन टाक.”

“आणि गाडी?”

“नेईल कोणीतरी.”

“एक मिनिट,” श्रिया म्हणाली. “गाडी आहे, तुला चालवता येते, आणि तू या थंडीत सायकल मारत जातोस. आणि आता गाडीच देऊन टाकायची?”

“सायकल अडकत नाही,” बाबा म्हणाला.

आईने दुधाच्या पिशव्या खाली ठेवल्या.

“आबांना हॉस्पिटलला नेत होतो ना, तेव्हा शीळफाट्याला अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक. बाजूने सायकलवाले निघून जात होते. एकाने वाकून काचेतून आत बघितलं. म्हणाला, आजोबा झोपलेत वाटतं.” बाबाने हात एकमेकांवर घासले. “मी हो म्हटलं.”

हे त्याने घरात कधीच सांगितलं नव्हतं. सांगतानाही आवाज तोच, गॅस संपल्याचा.

गेटपाशी आता कोणी मीटर वाचत नव्हतं.

श्रियाला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिला फक्त सायकल दिसत होती. हँडल, घंटी, मागचं कॅरिअर आणि कॅरिअरच्या क्लिपखाली दाबून ठेवलेली हातमोज्यांची जोडी. लेबलसकट.

“पण सायकलवर आबांना बसवलं कुठे असतंस?” तिने विचारलं.

हे पैजेत नव्हतं.

“श्रिया,” आई म्हणाली. एवढंच.

बाबा कॅरिअरकडे बघत राहिला. खरोखरच जागा मोजत असल्यासारखा.

“चल ना गं, बेल होईल,” हेमाली लांबूनच हळू म्हणाली.

श्रियाने दप्तर खाली ठेवलं. सायकल थोडी बाजूला सरकवली आणि गाडीच्या कव्हरचं टोक धरून वर उचललं. टपावर झोपलेली मांजर उडी मारून पळाली. धूळ नाकात गेली. तिने बाहीने मागची काच पुसली आणि दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघितलं. सीटवर आबांची माकडटोपी पडली होती. चेहऱ्याचं भोक वर.

आई जवळ आली, तिनेही बघितलं. बाबा होता तिथेच उभा राहिला. हात तेवढे त्याने काखेत घातले होते.

“थंड आहेत?” आईने विचारलं.

“दुखतायत,” बाबा म्हणाला.

श्रियाने कव्हर आणखी वर सारलं, पार टपापर्यंत, आणि तिथेच राहू दिलं. दप्तर उचलून खांद्याला लावलं.

“तिसऱ्या मजल्यावरच्यांना नाही म्हणून सांगा,” ती म्हणाली. “आणि गाडीची किल्ली शोधून ठेवा. वर दिवसभर टीव्ही चालू असतो. दहावीचा अभ्यास मी आजपासून इथे करणार आहे. मागच्या सीटवर.”