धुक्यातली हाक

झोपेत सटवाजी सरळ बोलायचा. जाग आली की मात्र ‘होडी’ म्हणताना तोंडातून ‘डोही’ निघायचं. मेंदूला झटका आल्यापासून असंच चाललं होतं. परभणीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “शब्द डोक्यात शाबूत आहेत काका, जिभेवर येताना आवाजांच्या जागा बदलतात.” लाजेपोटी त्यानं बोलणंच सोडलं. येलदरी धरणाच्या पाण्यात जाळं टाकायला आता बायको, सरजाबाई, एकटीच जायची. एका सकाळी काठावर तिची वाट बघताना त्याचा डोळा लागला. उघडला तेव्हा धरण धुक्यात बुडालं होतं आणि तिच्या वल्ह्याचा आवाज काठाकडे यायच्या ऐवजी वाट चुकून आत आत चालला होता. स्वप्नात असल्यासारखा तो उठून जीव खाऊन ओरडला, “जरसा! जरसाऽ!” वल्हं थांबलं. मग हळूहळू धुक्यातून होडी निघाली. सरजाबाई ओल्या डोळ्यांनी हसत म्हणाली, “चाळीस वर्सांत पैल्यांदा माजं नाव घेतलं तुमी, तेबी उलटंपालटं!”