नावाचा रकाना

"आता परत कधी नेसणार? म्हटलं, आज नेसून टाकू," बेटी म्हणाली आणि केकचा तुकडा कागदी बशीत तसाच ठेवून दिला.

ती बाटलीहिरवी साडी हरेश्वरने लगेच ओळखली. कंपनीच्या वार्षिक समारंभाला विरारच्या हॉलमध्ये बेटी दरवर्षी तीच नेसून यायची आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायची. कडेच्या, म्हणजे नाव पुकारलंच तर कुणाचे गुडघे ओलांडावे लागू नयेत. 'उत्कृष्ट कामगार' हे बक्षीस सुरू झाल्यापासून नऊ वर्षांत नऊ नावं पुकारली गेली, पण खुर्चीवरून उठायची वेळ तिच्यावर आली नाही.

वालीवच्या या डब्यांच्या कारखान्यात ती वीस वर्षं पॅकिंगला होती. स्टीलच्या डब्याचं झाकण बसतानाचा आवाज ऐकून ती सांगायची, हा गळणार. तिच्या टेबलावरून गेलेला डबा दुकानदाराने परत पाठवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हरेश्वर पॅकिंगचा सुपरवायझर, तिच्याहून चार वर्षांनी लहान. पोरी तिला बेटी आंटी म्हणत, तो बेटीबाय म्हणायचा. पगारपत्रकावर ती एलिझाबेथ होती, पण ते नाव वाचलं की ही कोण बुवा नवीन बाई, असं त्याला वाटायचं.

आज तिचा शेवटचा दिवस.

"बेटीबाय, मनात काही राहिलं असेल तर बोलून टाक," तो म्हणाला. म्हणाला आणि लगेच पस्तावला.

"राहिलंय ना." बेटीने बशी बाजूला सारली. "बक्षीस नको होतं रे मला. माईकवरून कोनीतरी एकदा माझं नाव मोठ्याने वाचायला पायजे होतं. माझा नवरा जेन्सन दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा ऐकायला. गेला बिचारा तसाच. आन तू, हरेश्वर, एकदा पन माझं नाव पाठवलं नाहीस."

शिफारस सुपरवायझरच करतो, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. पोरी हातातल्या बशांकडे बघत उभ्या राहिल्या.

खरं तर नऊही वर्षं त्याने तिचंच नाव पाठवलं होतं.

हेड ऑफिस इंदूरला. फॉर्म हिंदीत भरायचा. हरेश्वरचं हिंदी रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं, तरी तो बाह्या सरसावून बसायचा. तीनच रकाने. नाव, खातं आणि शिफारशीचं कारण. नावाच्या रकान्यात सगळे हाक मारतात तेच नाव तो ठसठशीत अक्षरात लिहायचा. कारणाच्या रकान्यात जीव ओतायचा. इतकी कष्टाळू, इतकी गुणी दुसरी मिळणार नाही, आम्हाला हिचा अभिमान आहे, असं बरंच काही. मग इंदूरहून भलत्याच खात्यातल्या माणसाचं नाव यायचं.

पाचव्या वर्षी त्याने धीर करून फोन लावला.

"हरेश्वरजी, आप समझदार आदमी हैं," पलीकडचे साहेब म्हणाले. "हर साल वही नाम? अच्छा नहीं लगता. नियम तो आप जानते ही हैं."

हरेश्वरने काय ते ओळखलं. सातवी शिकलेली, साठीकडे आलेली पॅकिंगची बाई त्यांना स्टेजवर नको होती. राग तर खूप आला, पण कोणता नियम, एवढं विचारायला काही त्याची जीभ उचलली नाही. "जी सर," म्हणून त्याने फोन ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा तिचंच नाव लिहिलं, तेवढीच काय ती त्याची बंडखोरी.

बेटीला काय सांगणार? वरच्यांना तू पसंत नाहीस म्हणून? त्यापेक्षा तिने आपल्याला शिव्या घातलेल्या बऱ्या, असं त्याने ठरवून टाकलं. तिनेही तोंडाने शिव्या दिल्या नाहीत. नाताळातल्या करंज्या मात्र त्याच्या टेबलावर यायच्या बंद झाल्या. त्याला ते फार लागलं होतं.

चार वाजता बेटी पिशवी घेऊन गेटकडे निघाली. हरेश्वर आपल्या टेबलाशी येऊन बसतो न बसतो तोच ऑफिसातल्या विनिताने एक जाड पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

"इंदूरहून आलंय, सर. यंदापासून सगळं कॉम्प्युटरवर, म्हणून जुने शिफारशीचे फॉर्म परत पाठवलेत. तिथे ठेवायला जागा नाही म्हणे."

हरेश्वरने पाकीट फोडलं, आत आपलंच अक्षर दिसलं आणि तो उठलाच. चष्मा टेबलावर राहिला. पंधरा वर्षांत तो धावला नव्हता, आज गेटपर्यंत धावला. बेटीचा एक पाय रिक्षात होता.

"बेटीबाय, थांब! नऊच्या नऊ आहेत. माझं अक्षर ओळखतेस ना? दरवर्षी तुझंच नाव होतं. बघ, तूच बघ."

बेटीने पाय खाली घेतला. एक फॉर्म पाहिला, दुसरा पाहिला. तिसऱ्याला तिचे डोळे भरून आले.

"मग बोलला का नाहीस, येड्या? इतकी वर्षं मी तुझ्यावर रुसून बसले."

"बोलायला हवं होतं. चुकलं माझं. तुलाही सांगायला हवं होतं आणि त्यांनाही विचारायला हवं होतं."

तिने पदराने डोळे पुसले आणि फॉर्म पुन्हा चाळले.

"खाली लाल शाईत काय लिवलंय रे? सगळ्यांवर तेच दिसतंय."

"वाच ना. माझा चष्मा टेबलावर राहिलाय."

बेटीने कागद लांब धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "सुपरवायझर महोदय, अपनी बेटी का नाम न भेजें."